न झाडायचा कोपरा

मुलांनो, मागच्या खेपेला तुम्ही इथे लोणीला आलात, तेव्हा तुमच्या आईने मला मदत म्हणून अंगण झाडायला घेतलं होतं. भिंतीकडच्या कोपऱ्याशी ती पोचली आणि मी स्वयंपाकघरातून अशी काही हाक मारली, की तिच्या हातातला खराटा खाली पडला. तुम्ही दोघं खूप हसलात. नंतर जेवताना विचारलंतही, की आजी, तू चमचेसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवतेस, मग तेवढाच कोपरा घाण का? मी तेव्हा "तसंच असतं ते" म्हणून विषय संपवला. उत्तर लांबलचक होतं आणि भिंतीपलीकडे तुमची मोठी आजी ओट्यावर बसलेली होती. तिच्यासमोर ते सांगण्यासारखं नव्हतं. आता तुम्ही दूर आहात, तिला ऐकू जाणार नाही, म्हणून लिहिते.

तुमचे आजोबा निवृत्त झाले आणि आम्ही पुणं सोडून लोणीला राहायला आलो, ती नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. थोरलं घर आधीपासून होतं. तिथे माझ्या सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई, म्हणजे तुमची मोठी आजी. त्याला लागून आम्ही दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलं. दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढी दगडी भिंत. जाऊबाई मला "धाकले" म्हणत. गावातल्या बायका "विंग्रजी वैनी" म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी पुण्यात, कॅम्पात वाढले. शाळा नन लोकांची, इंग्रजी. शाळेला मोठी बाग होती आणि ती सांभाळणाऱ्या सिस्टर कमरेच्या दोरीला कात्री अडकवून फिरायच्या. रोज प्रार्थनेआधी आम्ही मुलींनी वाफ्यांमधून हिंडून कोमेजलेली फुलं कापायची, असा नियम होता. फिकं पडलेलं फूल झाडावर दिसलं, तर सिस्टरचा चेहरा आमच्या नखात मळ दिसल्यासारखा व्हायचा. झाडाला सुकलेलं फूल बाळगू दिलं, तर ते नवीन फूल देत नाही, असं त्या सांगत. ते खरंही होतं. आमची बाग सदैव ताजी असायची. म्हातारपणी आपलीही तशी एक बाग असावी, असं मी तेव्हापासून मनात धरून होते.

आणि आले कुठे, तर लोणीला. इथे संक्रांत सरली की विहिरीत दोर वाढवावा लागायचा आणि उन्हाळ्यात टँकर. टँकरच्या गर्दीत हंड्याला हंडा लावून आणलेलं पाणी मी गुलाबाला घातलं असतं, तर गावाने मला वेड्यात काढलं असतं आणि गावाचंच बरोबर ठरलं असतं. तुमच्या आजोबांनी स्वच्छ सांगितलं, "बाग करायची तर कर. पाणी मागू नकोस."

मग मी बघायला लागले, की पाणी न मागता इथे फुलतं काय. बघायला लागल्यावर दिसलं, की पुष्कळ फुलतं. माळावर तरवड असायचा, पिवळाधमक. बांधाला कोरांटी. दगडांच्या फटीत विष्णुक्रांताचं इवलंसं निळं फूल. आणि कुर्डू. त्याला मऊ, लांबट तुरा येतो, मांजराच्या शेपटासारखा उभा. आमच्या बाजूचा कुर्डू फिका, जवळजवळ पांढरा. पण त्या वर्षी आम्ही नात्यातल्या एका बारशाला पेठ गावी गेलो होतो. तिथे घाट चढून वर आल्यावर रस्त्याकडेच्या माळावर जो कुर्डू पाहिला, तो गडद होता, पिकल्या जांभळाचा रस दुधात पडल्यावर जसा रंग येतो तसा. मी बारशाची साडी खोचून त्या माळात शिरले आणि वाळलेले तुरे रुमालात चुरून बी गोळा केलं. काळं, चकचकीत, मोहरीपेक्षाही बारीक. तुमचे आजोबा रस्त्यावर उभे राहून, ही बाई आपल्या ओळखीची नाही, असा चेहरा करून नाशिककडे जाणारे ट्रक बघत होते.

वैशाखात मी वाफा केला, बी बारीक मातीत मिसळून वरच्या वर फेकलं, हाताने थापटलं आणि पावसाची वाट पाहिली. शेणखत घातलं नाही, पाणी घातलं नाही. दोन-चार चांगल्या सरी झाल्या आणि वाफा हिरवा झाला. जाऊबाई भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या.

"धाकले, वाफा करून कुर्डू लावलास व्हय? आमी बाजरीतनं खुरपून फेकतो त्याला. मला म्हणली असतीस तर पाटीभर दिला असता."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत झाली होती.

पण श्रावणात पावसाने ओढ दिली. जाऊबाईंच्या दारची शेवंती माना टाकून बसली आणि माझा कुर्डू ताठ उभा होता. भाद्रपदात त्याला तुरे आले. सगळे गडद. सकाळच्या उन्हात तो वाफा भिंतीपलीकडून दिसायचा आणि जाऊबाई त्या बाजूला पाठ करून तांदूळ निवडायच्या, हे मी बघून ठेवलं होतं.

आता पहिल्या माळेचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. आपल्या घरी नवरात्रात घट बसतो, तो थोरल्या घरी. मातीत धान पेरायचं, त्यावर घट ठेवायचा आणि रोज एक फुलांची माळ वरून सोडायची. आदल्या दिवसाची माळ काढायची नाही. नऊ दिवसांच्या नऊ माळा एकमेकींशेजारी लोंबत राहतात, जुन्या वाळत जातात, नव्या ताज्या असतात. पहिली माळ मात्र घरच्या अंगणातल्या फुलांची हवी, आणि जिच्या अंगणातली फुलं तिनेच ती ओवायची, अशी सासूबाईंची रीत. भावकीतल्या, शेजारपाजारच्या बायका जमलेल्या असत. त्यांच्यासमोर सासूबाई फुलांची टोपली मांडीवर घेत, चाचपत आणि जिची निवडत तिला शेजारी बसवून घेत. मी येईपर्यंत दुसरं अंगणच नव्हतं, त्यामुळे निवडण्याचा प्रश्नच आला नव्हता. ती जागा जाऊबाईंची होती.

त्या वर्षी मी टोपली नेली. सासूबाईंची नजर तेव्हाच अधू झाली होती. त्यांनी बोटांनी तुरा चोळला आणि म्हणाल्या, "रेशीम हाय गं ह्ये. कुणाचं?"

"माझ्या अंगणातलं, आत्याबाई."

"मग बस हितं."

मी बसले. निवडून निवडून सगळ्यांत लांब आणि भरदार तुरे मी घटासाठी तोडले होते. त्यांत मध्येमध्ये तरवडाची पिवळी फुलं घालून माळ ओवली. त्या घरात इतकी वर्षं सून असून मी पाहुण्यासारखी दाराशी बसत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा आत, घटाजवळ बसले. बायका माझ्या हातांकडे बघत होत्या. जाऊबाई प्रसादाचे द्रोण लावत होत्या आणि गरजेपेक्षा जास्त आवाज करत होत्या. नऊच्या नऊ दिवस मी फुलं दिली. एवढं सुख मला नंतर क्वचितच झालं असेल.

पुढच्या वर्षी माझ्या वाफ्यात कुर्डू विरळ उगवला. त्याच्या पुढच्या वर्षी जेमतेम काही रोपं. आणि त्याच काळात भिंतीपलीकडे, जाऊबाईंच्या अंगणातल्या कोपऱ्यात, माझ्याच रंगाचे तुरे वर येऊ लागले. आधी थोडे होते. मग कोपरा भरून. माझा वाफा टकला झाला, तेव्हा त्यांच्या कोपऱ्यातून कुर्डू भिंतीवरून डोकं काढून माझ्या अंगणात बघत होता.

तो कोपरा म्हणजे काय, तर दसऱ्याला घट उठला की नऊ दिवसांच्या वाळक्या माळा, घटाची माती, धान, असं सगळं निर्माल्य तिथे ठेवायचं. नदी लांब, म्हणून ही सोय. ते काम थोरल्या सुनेचं. भोवती चार दगड मांडलेले असत. तिथे कुणी पाय ठेवायचा नाही, शेळी बांधायची नाही, खराटा लावायचा नाही. माझ्या दृष्टीने तो त्या अंगणातला सगळ्यांत गबाळा भाग होता. त्या गबाळ्यात माझी फुलं फुलली होती, आणि बाई त्याला पाणी तर सोडाच, नजरसुद्धा देत नव्हती.

त्या वर्षी सासूबाईंनी माझ्या टोपलीतले मूठभर तुरे चाचपले, मग दुसरी टोपली चाचपली आणि विचारलं, कुणाची. जाऊबाई म्हणाल्या, "माझीच की, आत्याबाई." आणि घटाजवळ जाऊन बसल्या. बायका म्हणाल्या, थोरलीच्या हाताला गुण आहे, लावल्याशिवाय उगवतं. मी दाराशी जाऊन बसले.

मुलांनो, मत्सर हा शब्द मी शाळेत शिकले होते. त्याची चव मला लोणीत कळली. सकाळी उठून चहाचं आधण ठेवायच्या आधी मी खिडकीतून तो कोपरा बघायची. बघू नये म्हणून पडदा लावला, तर पडद्याच्या कडेने बघायची. कुर्डूवर मावा पडलाय का, वाऱ्याने लोळलाय का. कधी काही झालेलं नसे. जाऊबाई ओट्यावर बसून कांदा चिरायच्या आणि सालं तशीच अंगणात भिरकावायच्या, आणि त्यांच्या पाठीमागे माझा रंग डुलत असायचा. त्यांचं मात्र लक्ष बरोबर असे. एकदा म्हणाल्या, "तुझ्या इंग्रजी पुस्तकात कुर्डूचं लिव्हलेलं न्हाई वाटतं?" मी म्हटलं, नाही, ते लोक कांद्याची सालं अंगणात टाकत नाहीत. त्या इतक्या मनापासून हसल्या, की माझा राग आणखीच वाढला.

माझी खात्री होती, की बी माझ्या वाफ्यातूनच गेलं आहे. तो रंग आमच्या पंचक्रोशीत नव्हता. कधी गेलं, कुणी नेलं, एवढंच कळत नव्हतं. मी माझ्या अंगणाला रोज दोन वेळा खराटा मारत होते, वाफ्यात एक तण ठेवत नव्हते. माझ्या नजरेसमोर नेणं शक्य नव्हतं. म्हणजे मी मंचरला बाजाराला जाते तेव्हा, असं मी ठरवून टाकलं. मग कांदे-बटाटे घ्यायचे असले तरी मी तुमच्या आजोबांना पाठवू लागले. ते गिऱ्हाइकांच्या आणि ट्रकच्या गर्दीला वैतागत, परत येताना बटाटे हिरवे आणत, आणि मी ते गप्प शिजवायची.

पुन्हा पेठेला जाऊन बी आणावं, म्हणून एकदा एसटीने गेलेही. तो माळ राहिला नव्हता. सपाट करून प्लॉट पाडले होते, दगडांना चुना फासला होता आणि कडेला एक धाबा झाला होता. कुर्डू काय, गवतही नव्हतं. परतीच्या गाडीत मला एकच दिसत होतं. तो रंग आता फक्त भिंतीपलीकडे उरला आहे. जाऊबाईंकडे मूठभर बी मागितलं, की झालं. त्यांनी पाटीभर दिलं असतं, पहिल्याच दिवशी तसं म्हणाल्याही होत्या. पण ते मागणं म्हणजे माझीच वस्तू मी त्यांच्या दारात उभं राहून मागायची आणि वर "बघा, विंग्रजी वैनीला कुर्डूसुद्धा मागून न्यावा लागला" हे ऐकायचं. मी मागितलं नाही. त्या वर्षी नाही आणि त्यानंतरची बरीच वर्षं नाही. दर नवरात्रात पहिली माळ त्यांची आणि मी दाराशी.

मग ते वाईट वर्ष आलं. दोन हजार सालानंतरचं. ज्येष्ठात थोडा पाऊस झाला आणि नंतर ढग नुसते येऊन जात. बाजरी कणीस बाहेर पडायच्या आधी, पोटरीतच करपली. माझ्या अंगणात तरवडाचं झुडूप तेवढं तग धरून होतं, त्याचं बी मी गरम पाण्यात भिजवून लावलं होतं. पण तरवड सगळ्या माळावर असतो, त्याचं कोण कौतुक करणार? आणि निर्माल्याच्या कोपऱ्यात कुर्डू उभा होता. गुडघ्याएवढाच, पण तुरे नेहमीपेक्षा गडद. बायका मुद्दाम बघायला यायच्या. देवीची कृपा म्हणायच्या. मला देवीचाही राग आला, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

त्या दसऱ्याला जाऊबाईंचा गुडघा धरला होता. घट उठला, माळा उतरवल्या, माती आणि धान पाटीत भरलं, आणि पाटी घेऊन त्यांना उठता येईना. घरात मी आणि सासूबाईच होतो. जाऊबाईंनी पाटी दोनदा ओढून बघितली आणि शेवटी म्हणाल्या, "धाकले, एवढं टाकून ये त्या कोपऱ्यात. पाय लागू दिऊ नको."

मी पाटी उचलली. अंगणात ऊन होतं. वाळक्या माळा वरच्या वर हलल्या आणि माझ्या मनगटावर काहीतरी सांडलं. वाळू वाटली. बघितलं, तर काळं, चकचकीत, मोहरीपेक्षा बारीक. मी पाटी खाली ठेवली. एक माळ तळहातावर धरून चोळली. तुऱ्याचा वरचा भाग अजून गुलाबी होता, पण देठाकडचा भाग वाळून पांढरा पडला होता आणि त्यातून बी ओघळत होतं. घटाच्या मातीत तर ते धान्यासारखं मिसळलेलं होतं. नऊ दिवस माळा घटावर वाळल्या होत्या आणि बी खाली गळत राहिलं होतं.

मला सगळं दिसलं. सगळ्यांत लांब, भरदार तुरे मीच निवडून घटाला दिले होते. ते निर्माल्य होऊन या कोपऱ्यात आले होते, जिथे खराटा लागत नाही. आणि माझ्या वाफ्यात जे उरत, ते तुरे पांढरे पडू लागले की मी कात्रीने कापत होते, सिस्टरने शिकवल्याप्रमाणे, रोज सकाळी. घट बसायच्या आधी पितरांच्या पंधरवड्यात आपण गोधड्यांपासून डब्यांपर्यंत सगळं घर धुतो, तेव्हा मी वाफाही धुतल्यासारखा स्वच्छ करायची. कापलेले वाळके तुरे कुठे जायचे, तर आंघोळीच्या बंबात. तुमचे आजोबा वर्षानुवर्षं माझ्या कुर्डूच्या बियांवर तापलेल्या पाण्याने आंघोळ करत होते.

कुणी काही नेलेलं नव्हतं. याने माझं मन हलकं झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. झालं नाही. चोरी असती तर निदान माझं काहीतरी तिच्याकडे राहिलं असतं. इथे तर तिने काहीच केलं नव्हतं आणि तिला सगळं मिळालं होतं.

कोपरा भिंतीला लागूनच. पलीकडे माझा टकला वाफा. मी पाटी उचलली, भिंतीवर टेकवली आणि माझ्या बाजूला कलती केली.

"ते हिकडं टाकायचं." जाऊबाई ओट्यावरून बघत होत्या. "तिकडं न्हाई."

"अर्धं इकडे, अर्धं तिकडे टाकते."

"निर्माल्य थोरल्या घरचं असतं."

"फुलं माझी होती, जाऊबाई. पेठेहून मी आणलेली. हा रंग माझा आहे."

त्या जराही चिडल्या नाहीत. गुडघा चोळत म्हणाल्या, "तू देवीला दिलीस ना गं ती? मग तुझी कशी ऱ्हायली?"

मी पाटी धरून उभी राहिले. हात भरून आले तरी खाली ठेवली नाही. आतून सासूबाईंनी विचारलं, काय चाललंय, तर दोघींनीही एकदम "काय न्हाई" म्हटलं. मीसुद्धा "न्हाई" म्हटलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग जाऊबाई म्हणाल्या, "आन् तुझ्या अंगणात टाकलं तर तू दोन येळा खराटा फिरवणार. देवीच्या फुलाला खराटा लावणार?"

"नाही लावणार."

"तुला जमायचं न्हाई ते. पान पडलं तरी तू उठतीस."

"तेवढा कोपरा नाही झाडणार. कधीच नाही."

"पितरांच्या पंधरवड्यात?"

"तेव्हाही नाही."

"आन् कातर?"

म्हणजे त्यांनी माझी कात्री बघितली होती. सगळी वर्षं, रोज सकाळी, मी वाळके तुरे कापताना त्या ओट्यावरून बघत होत्या. त्यांना बियांचं माहीत होतं की नव्हतं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारणार नाही. माहीत होतं असं त्या म्हणाल्या, तर मला या वयात भिंत उंच करावी लागेल.

"कात्रीही नाही," मी म्हटलं.

"टाक मग अर्धं."

मी टाकलं. अर्धं म्हणताना हात थोडा जास्त कलला असेल. चार दगड आणून भोवती मांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी खराटा मारत कोपऱ्यापर्यंत आले आणि थांबले. तिथे लिंबाची पानं, माती, वाळक्या माळांचे दोरे, कोंबडीचं एक पीस. माझे हात शिवशिवत होते. भिंतीवर जाऊबाईंचा पदर दिसला. मी खराटा उलटा केला आणि आत गेले. त्यानंतर कित्येक महिने त्या काही ना काही निमित्ताने भिंतीशी येऊन तो कोपरा बघून जात. मी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसायची, म्हणजे मी त्यांना बघितलंय असं त्यांना वाटू नये.

पुढच्या पावसाला तो उगवला. दाट, एकमेकांच्या अंगावर, ओळ नाही, अंतर नाही. माझ्या वाफ्याकडे इतकी वर्षं मी एकेक रोप मागत होते, आणि इथे केरात ते मागितल्याशिवाय आलं. भाद्रपदात तुरे धरले. पांढरे पडू लागले तेव्हा मी कात्री कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली आणि स्टूल शेजाऱ्यांकडे देऊन टाकलं.

घट बसला त्या दिवशी मी माझी टोपली घेऊन गेले. जाऊबाईंची टोपली आधीच तिथे होती. सासूबाईंना तोवर अजिबात दिसत नव्हतं. त्यांनी एकीतला तुरा चाचपला, मग दुसरीतला, पुन्हा पहिलीतला. इतक्या वर्षांनी तो रंग माझ्या अंगणातून आला होता आणि ती जागा मला हवी होती. आताही मी ते नाकारत नाही.

"दोन्ही एकच हायती की गं," सासूबाई म्हणाल्या. "कुणाची कुठली?"

मला माझी ओळखू येत होती. माझे देठ जरा आखूड होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊबाईंनी दोन्ही टोपल्या ताटात ओतल्या आणि हाताने कालवून टाकल्या. "आता ओळखा," म्हणाल्या, आणि सुई माझ्याकडे सरकवली. दोरा त्यांच्याच हातात ठेवला.

माळ दोघींनी ओवली. एका टोकाने त्या हाताने गुंफत, एका टोकाने मी सुईने. मी घटाजवळ बसले होते हे खरं. पण मध्ये गाठ आली, तेव्हा त्यांची बाजू लांब झालेली होती. ताटातले लांब देठांचे तुरे त्यांनीच वेचले होते ना.

सासूबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. माळ अजून तशीच होते, ताटात कालवून. दसऱ्याला निर्माल्य अर्धं-अर्धं होतं. पाटी मीच कलती करते, कारण जाऊबाईंचा दुसराही गुडघा गेला आहे, आणि त्या ओट्यावरून "बास, बास" म्हणतात. त्यांच्या बाजूला सकाळचं ऊन आधी येतं, त्याला मी काही करू शकत नाही.

तर तो कोपरा मी झाडत नाही, ते यासाठी. पुढच्या वेळी याल तेव्हा नवरात्राच्या सुमाराला या. फाटकातून आत आलात की सरळ माझा कोपरा बघा. भिंतीपलीकडे बघायचंच असेल तर नंतर बघा, मोठ्या आजीलाही बरं वाटेल. फक्त कुठला जास्त उंच झालाय, ते मला येऊन सांगू नका.